जाहिरात प्लगइनचा पुढचा आराखडा: काय करायचं आणि काय सोडून द्यायचं

ब्लॉगवर जाहिराती लावून देणारं वर्डप्रेसचं एक प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा पूरक प्रोग्राम, आम्ही दोघं सांभाळतो. कोड माझ्याकडे, वापरकर्त्यांचे प्रश्न आणि माहितीची पानं माझ्या सहकारीकडे. काम सांगायला सोपं आहे. जाहिरात कंपनीकडून मिळालेला कोड ब्लॉगरने एका चौकटीत टाकायचा, तो लेखाच्या आधी हवा, शेवटी हवा, तिसऱ्या परिच्छेदाखाली हवा की बाजूच्या पट्टीत हवा ते निवडायचं, पुढचं प्लगइन बघतं. वर्डप्रेस हे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर २००३ सालचं, गूगलची ॲडसेन्स ही जाहिरात सेवाही त्याच वर्षीची, आणि या दोघांची गाठ घालून देणारी प्लगइन्स पुष्कळ आहेत. आमचं त्यांतलं एक. ते बऱ्याच साइटवर निमूटपणे चालतंय, आणि म्हणूनच त्याचं पुढे काय करायचं हे ठरवणं अवघड होतं. कोरा प्रकल्प असता तर हवं ते मांडता आलं असतं. इथे एक अपडेट सोडला की कुणाचं तरी उत्पन्न त्याच क्षणी थांबू शकतं.

सुरुवात साठलेल्या मागण्यांपासून केली. मी त्यांचे विषयवार गट पाडायला घेतले होते: नवे जाहिरात प्रकार, वेळापत्रक, आकडेवारी वगैरे. सहकारी म्हणाली, ‘‘लोकांनी काय मागितलंय ते नंतर बघ. लिहिताना माणूस कशाने वैतागला होता, ते आधी लिही.’’ तशी यादी केल्यावर चित्रच पालटलं. नवीन काही मागणारे थोडे निघाले. बाकीच्यांचं म्हणणं तीन गोष्टींत मावत होतं. जाहिरात दिसत नाही, नको तिथे दिसते, पान जड झालं. ‘आम्हाला सरकती जाहिरात द्या’ असं लिहिणाऱ्यालासुद्धा खरं तर त्याची साधी जाहिरात दिसत नव्हती, म्हणून तो दुसरा प्रकार शोधत होता.

‘जाहिरात दिसत नाही’ या तक्रारीत चार-पाच वेगवेगळी दुखणी असतात. ब्लॉगरच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये ॲडब्लॉकर असतो. किंवा जाहिरात कंपनीकडे त्या वेळी द्यायला जाहिरातच नसते आणि जागा रिकामी राहते. किंवा कॅशे प्लगइन (एकदा बनलेलं पान साठवून तेच सगळ्यांना देणारं) जुनंच पान देत राहतं. किंवा थीम (साइटचं रूप ठरवणारा भाग) लेखाचा मजकूर नेहमीच्या फिल्टरमधून, म्हणजे छापण्याआधीच्या ठरलेल्या प्रक्रियेतून, न नेता स्वतःच्या पद्धतीने छापते. कधी साइटच्या मुळाशी असलेल्या ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ या फाइलमध्ये विक्रेत्याची ओळच नसते. २०१७ साली आयएबी टेक लॅब या ऑनलाइन जाहिरातींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने आणलेली ही साधी मजकुराची फाइल, या साइटवरची जागा विकायचा अधिकार कोणाकोणाला आहे हे जाहीर करते. तिच्यात चुकीचा क्रमांक असेल तर खरेदीदार बोली लावायला कचरतात आणि ब्लॉगरला वाटतं प्लगइन बिघडलं.

म्हणून आराखड्यात पहिला क्रमांक कुठल्याही नव्या सुविधेला न देता तपासणीच्या पानाला दिला. ब्लॉगरने लेखाचा पत्ता टाकायचा आणि प्लगइनने एकेक टप्पा सांगायचा: कोड पानात पोचला का, ब्राउझरने तो चालवला का, कंपनीने जाहिरात दिली की जागा रिकामी ठेवली. शेवटची गोष्ट कळू शकते, कारण ॲडसेन्स आपल्या घटकावर जाहिरात भरली की नाही याची खूण सोडतं. ती वाचायची आणि साध्या शब्दांत दाखवायची, एवढंच. याच वेळी एक छोटी पण त्रासदायक गोष्ट यादीत गेली. आमच्या फाइलींच्या आणि क्लासच्या नावांत ‘ॲड’, ‘बॅनर’ असे शब्द असले की ब्लॉकर त्या अडवतात, आणि मग डॅशबोर्डमधली सेटिंगची पानंच विस्कटतात. आत बसून जाहिरात लावणाऱ्या माणसाला बटणं दिसेनाशी होतात. आतल्या पानांच्या फाइलींची नावं बदलायची असं ठरलं. वाचकाच्या बाजूचे ब्लॉकर चुकवण्यासाठी मात्र काहीही करायचं नाही, हेही तिथल्या तिथे ठरलं. वाचकाने ब्लॉकर लावला आहे म्हणजे त्याने उत्तर दिलेलं आहे.

‘पान जड झालं’ याचा अर्थ समजून घ्यायला मी आमच्याच चाचणी साइटवरचा एक लेख फोनवर, नेटचा वेग मुद्दाम कमी करून उघडला. मजकूर आला, मी वाचायला लागलो, आणि दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर सगळा मजकूर खाली गेला. वर तीनशे बाय अडीचशेची जाहिरात येऊन बसली होती. ही उडी मोजायचं गूगलचं माप आहे, सीएलएस. पडद्याचा किती भाग हलला आणि किती अंतर हलला, या दोन प्रमाणांचा गुणाकार. पडद्याची उंची आठशे पिक्सेल धरा. मजकूर वरून दोनशेवर सुरू होतो, म्हणजे पडद्याचा पाऊण भाग हलला. जाहिरातीने तो अडीचशेने खाली ढकलला, म्हणजे ०.३१. गुणाकार साधारण ०.२३. चांगल्या पानाची मर्यादा ०.१ आहे. एका जाहिरातीने, एका उडीत, ती दुपटीहून जास्त ओलांडली.

उपाय माहीत असलेला आहे. जाहिरात यायच्या आधीच तिच्याएवढी जागा राखून ठेवायची. पण जाहिरात आलीच नाही तर? मग लेखाच्या मधोमध पांढरा चौकोन उरतो. तो मिटवावा तर मजकूर वर उडी मारतो, म्हणजे तेच दुखणं उलट दिशेने. यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलं, की जागा पडद्याच्या खाली असेल, वाचक अजून तिथे पोचलेला नसेल, तरच ती मिटवायची. नजरेसमोर असेल तर ती रिकामी राहू द्यायची. ब्लॉगरला पांढरा चौकोन आवडणार नाही, हे मला माहीत आहे. वाचकाच्या बोटाखालून ओळ निसटण्यापेक्षा तो बरा, आणि इथे मी वाचकाच्या बाजूने आहे. प्लगइन बसवताना त्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि आम्ही लिहिलेल्या प्रत्येक ओळीचं वजन शेवटी त्याच्याच फोनवर पडतं.

हाच निकष मग पुढे सगळ्या मागण्यांना लावत गेलो. प्रत्येक ओळीसमोर दोन रकाने केले: ब्लॉगरला काय मिळेल, वाचकाला काय सोसावं लागेल. दुसरा रकाना भरताना काही मागण्या आपोआप गळाल्या. पान उघडताच समोर येणारी खिडकी, आवाजासकट सुरू होणारा व्हिडिओ, उलटी गणती संपेपर्यंत लेख झाकून ठेवणारी जाहिरात. हे प्रकार ‘कोअलिशन फॉर बेटर ॲड्स’ या जाहिरात क्षेत्रातल्या गटाच्या मानकांत नकोशांच्या यादीत आहेत, आणि १५ फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ब्राउझर अशा जाहिराती वारंवार दाखवणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती अडवतो. म्हणजे हौसेने एक खिडकी लावायची आणि सगळं उत्पन्न पणाला लावायचं. याच मानकांत मोबाइलवर जाहिरातींनी मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा घेऊ नये असंही आहे. ते आराखड्यात आलं: लेख छोटा आणि जाहिराती जास्त झाल्या, तर प्लगइन प्रकाशनाआधीच सांगेल.

‘नको तिथे दिसते’ हे प्रकरण मला सगळ्यात रंजक वाटलं, कारण त्याचं मूळ वर्डप्रेसच्या इतिहासात आहे. जुन्या संपादकात लेख म्हणजे सलग मजकूर. परिच्छेदाच्या खुणा छापण्याच्या वेळी घातल्या जातात. मजकुराच्या फिल्टरवर ते काम दहाव्या प्राधान्याला, म्हणजे दहाव्या पाळीला, होतं आणि शॉर्टकोड (चौकटी कंसातल्या खुणा, ज्यांच्या जागी छापताना दुसरा मजकूर येतो) अकराव्याला उलगडतात. आपण दहाव्या पाळीच्या आधी मोजायला गेलो तर परिच्छेदच नसतात. खूप नंतर गेलो तर शॉर्टकोडमधून आलेले परिच्छेदही मोजले जातात. शिवाय अवतरणाच्या आतही परिच्छेद असतो. ‘तिसऱ्या परिच्छेदाखाली’ म्हटलं की जाहिरात बरोबर कुणाच्या तरी उद्गारांच्या मध्ये जाऊन बसते. शोकलेखातल्या अवतरणात विमा कंपनीची जाहिरात आलेली एका वापरकर्तीने आम्हाला कळवली होती. असं पत्र आल्यावर तांत्रिक कारणं सांगायला जीभ रेटत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० आलं आणि लेख ब्लॉकचा बनला. आता लेख कच्च्या रूपात वाचून फक्त सर्वांत वरच्या पातळीचे ब्लॉक मोजता येतात. अवतरण एक ब्लॉक, यादी एक ब्लॉक, तक्ता एक ब्लॉक. आत शिरायचंच नाही. शीर्षक आणि त्याखालचा परिच्छेद यांच्यामध्ये जाहिरात घालायची नाही, चित्र आणि त्याच्या लगतच्या मजकुरामध्येही नाही, असे नियम त्यावर लिहिता येतात. जुने लेख मात्र जुन्याच पद्धतीचे आहेत आणि ते राहणार. म्हणून दोन मोजण्या ठेवाव्या लागतील, आणि लेख कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखावं लागेल. याशिवाय प्रत्येक लेखावर ‘इथे जाहिरात नको’ अशी एक खूण. ही मागणी कुणी केलेली नव्हती. त्या पत्रामुळे ती आली.

आता साठवणुकीबद्दल, कारण आराखड्याचा खरा भार तिथे आहे. आमच्या सगळ्या जाहिराती पहिल्या आवृत्तीपासून एकाच सेटिंगमध्ये, एका लांबलचक रचनेत साठतात. त्या काळी ते सोयीचं होतं आणि लहान ब्लॉगला आजही पुरतं. पण अशी सेटिंग प्रत्येक पानाच्या प्रत्येक मागणीला आपोआप मेमरीत येते, त्या पानावर एकही जाहिरात नसली तरी. वर्डप्रेस ६.६ पासून साइटच्या आरोग्य-तपासणीत आपोआप येणाऱ्या सेटिंग्जचं एकूण वजन ८०० किलोबाइटच्या पुढे गेलं की सूचना मिळते, आणि त्या सूचनेचे स्क्रीनशॉट आमच्याकडे यायला लागले होते. दुसरी अडचण अशी, की सगळं एका रचनेत असलं की एका जाहिरातीचा कालचा कोड परत आणता येत नाही.

पर्याय म्हणजे प्रत्येक जाहिरात ही स्वतंत्र नोंद करायची, लेखासारखी. मग कचरापेटी मिळते, जुन्या आवृत्त्या मिळतात, कुणी कधी बदल केला ते दिसतं. ठरवायला सोपं, करायला जोखमीचं. जुना साठा नव्या रचनेत नेण्याचा, म्हणजे स्थलांतराचा, नमुना लिहून पाहिला तेव्हा दोन ठिकाणी थांबावं लागलं. वर्डप्रेस नोंद साठवताना उलट्या तिरप्या रेघा (बॅकस्लॅश) काढून टाकतं, म्हणून जाहिरातीच्या कोडमधल्या रेघा आधीच दुप्पट करून द्याव्या लागतात. आणि मोठं स्थलांतर हप्त्याहप्त्याने पार्श्वभूमीत चालवायचं तर त्या वेळी कुणीच लॉगिन केलेलं नसतं. लॉगिन नाही म्हणजे बिनगाळणीचं एचटीएमएल लिहायचा अधिकार नाही, म्हणजे वर्डप्रेसची गाळणी चालू, म्हणजे मजकुरातले स्क्रिप्ट टॅग साफ. जाहिरातीचा कोड म्हणजे दुसरं काय असतं? स्थलांतर ‘यशस्वी’ म्हणून संपलं असतं आणि सगळ्या जाहिराती पोकळ झाल्या असत्या. हे नमुन्यातच दिसलं म्हणून बरं. कोड नोंदीच्या मुख्य मजकुरात न ठेवता तिच्या मेटा माहितीत, म्हणजे नोंदीला जोडलेल्या वेगळ्या रकान्यात, ठेवायचा असं ठरलं. तिथे ही गाळणी लागत नाही, आणि वर्डप्रेस ६.४ पासून मेटा माहितीच्याही जुन्या आवृत्त्या राखता येतात.

गाळणी लागत नाही याचा अर्थ जबाबदारी आमच्यावर येते. स्क्रिप्ट लिहायची मुभा कुणाला, हे आम्हीच तपासायचं. डॅशबोर्डचं पान उघडलंय का हे सांगणाऱ्या फंक्शनवर विसंबून चालत नाही. ते माणसाचा अधिकार सांगत नाही. प्रत्येक साठवणुकीला अधिकार आणि नॉन्स (विनंती त्याच माणसाने जाणूनबुजून पाठवली याची अल्पकाळाची खूण), दोन्ही तपासायची, असा नियम आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहिला. आणि जाहिरातीच्या चौकटीत पीएचपी, म्हणजे थेट सर्व्हरवर चालणारा कोड, चालवायची जुनी सोय काढून टाकायची. ती वापरणारे थोडे आहेत, पण साइटचा ताबा घ्यायला त्याहून सोपी वाट शोधून सापडणार नाही. त्यांना आधी दोन आवृत्त्या सूचना मिळेल आणि पर्याय म्हणून हूक (स्वतःचा कोड बाहेरून जोडायची ठरलेली जागा) मिळेल.

आलटून पालटून जाहिराती दाखवण्याचं काम थोडक्यात सांगतो. सध्या सर्व्हरवर चिठ्ठी निघते. पान कॅशेमध्ये गेलं की तीच चिठ्ठी सगळ्यांना. फोनसाठीची जाहिरात मोठ्या पडद्यावर दिसते तीही याच कारणाने: पहिला वाचक फोनवरून आला आणि त्याच्यासाठी बनलेलं पान साठवलं गेलं. निवड ब्राउझरमध्ये न्यायची, पर्यायांची यादी पानासोबतच द्यायची, म्हणजे वेगळी विनंती लागत नाही.

आकडेवारीवर मात्र आमचा वाद झाला. सहकारीचं म्हणणं, ब्लॉगरला थेट प्रायोजकाला दाखवायला आकडे लागतात. माझी भीती वेगळी होती: प्रत्येक दर्शनाची एक ओळ लिहिणारं टेबल लहान सर्व्हरला लवकरच झोपवतं, आणि त्यात आयपी पत्ता साठवला की आपण वाचकांच्या पाळतीच्या धंद्यात शिरतो. तोडगा असा निघाला: जाहिरात, जागा आणि दिवस यांची मिळून एकच ओळ, तिच्यात फक्त संख्या वाढणार. कोण आलं ते साठवायचंच नाही. आणि पान उघडलं म्हणजे जाहिरात पाहिली असं धरायचं नाही. मीडिया रेटिंग कौन्सिल या माध्यमांच्या मोजमापाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या व्याख्येप्रमाणे साध्या जाहिरातीचे निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद पडद्यावर असले, तर ती दिसण्याजोगी होती असं म्हणतात. तेच मोजायचं. आकडे लहान येतील, पण प्रायोजकासमोर मान वर करून ठेवता येतील.

संमतीचा विषय आम्ही मुद्दाम अर्धाच हातात घेतला. मे २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला, आणि १६ जानेवारी २०२४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि ब्रिटनमधल्या वाचकांना ॲडसेन्सच्या व्यक्तिगत माहितीवरून निवडलेल्या जाहिराती दाखवायच्या तर गूगलने प्रमाणित केलेली संमती व्यवस्था लागते. ती स्वतः बनवणं हे वेगळंच काम आहे, दोन माणसांचं तर नाहीच. आमचं प्लगइन त्या व्यवस्थेच्या उत्तराची वाट पाहील आणि ते येईपर्यंत जाहिरातीचा कोड सुरू करणार नाही. एवढंच, पण ते चोख.

ब्राउझर कंपन्यांच्या घोषणांवर आराखडा बांधायचा नाही, हाही निर्णय इथलाच. क्रोमने २०२० साली त्रयस्थ कुकी (उघडलेल्या साइटखेरीज दुसऱ्याच कुणी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) दोन वर्षांत बंद करू असं सांगितलं, मुदती पुढे ढकलत नेल्या आणि २०२४ मध्ये बेतच बदलला. सफारीने मात्र मार्च २०२० मध्येच त्या सरसकट अडवल्या. एएमपीचंही, म्हणजे फोनवर पानं झटपट उघडावीत म्हणून गूगलने पुढे आणलेल्या पद्धतीचंही, तसंच. २०१५ साली त्याचा गाजावाजा झाला, २०२१ मध्ये गूगलच्या ठळक बातम्यांसाठी त्याची अट उठली, आणि आमच्या कोडमधल्या अनेक ‘जर-तर’ फांद्या केवळ त्याच्यासाठी उरल्या होत्या. त्या फांद्या तोडायच्या असं लिहून झाल्यावर माझ्या डोक्यावरचं ओझं खरोखर उतरलं.

पैशांबद्दल आमचं लवकर जमलं. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहाचा नियम आहे, की मोफत प्लगइनमध्ये सुविधा घालून तिला कुलूप लावायचं आणि किल्ली विकायची, हे चालणार नाही. सशुल्क भाग हवा तर तो वेगळं पूरक प्लगइन म्हणून. वेळापत्रक, प्रायोजकांसाठी अहवाल, एकाहून जास्त साइट एका ठिकाणाहून सांभाळणं, हे त्यात जाईल. जागा राखणं, संमतीची वाट पाहणं, तपासणीचं पान, ‘इथे जाहिरात नको’ ही खूण, हे कायम मोफत. वाचकाच्या रकान्यातलं काहीही विकायला काढायचं नाही.

क्रम असा लावलाय. आधी तपासणीचं पान आणि राखीव जागा, कारण त्यांना जुन्या साठ्याला हात लावावा लागत नाही. मग ब्लॉकची मोजणी. जुन्या जाहिराती जुन्याच नियमाने चालतील, नव्या जाहिरातीला नवा नियम. मग स्थलांतर, आधी चाचणी आवृत्ती मागून घेणाऱ्यांच्या साइटवर. आकडेवारी शेवटी. जुन्या हूकची नावं चालू राहतील आणि वापरली की विकासकाला सूचना मिळेल, वर्डप्रेसमध्ये ४.६ पासून त्यासाठी तयार सोय आहे.

एका मुद्द्यावर अजून आमचं एकमत नाही. स्थलांतर झाल्यावर जुना साठा किती काळ ठेवायचा? मी म्हणतो दोन आवृत्त्या, मग पुसून टाकू, उगाच डेटाबेसमध्ये ओझं नको. आपोआप मेमरीत येणं बंद केलं की त्याचा कुणाला त्रास नाही, ब्लॉगर स्वतः बटण दाबून पुसेपर्यंत तो राहू दे, असं तिचं म्हणणं. बहुधा मी तिचंच ऐकेन. कित्येक महिने डॅशबोर्ड न उघडता एकदम अपडेट करणाऱ्या लोकांची पत्रं तिच्याकडे येतात, आणि जाहिराती गायब झाल्याचं त्यांच्या कधी लक्षात येतं ते तिने पाहिलंय.